लाहीचं पथ्य

गोंदियाजवळच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात रेवारामला ओळखत नाही असा माणूस कोणी शोधून दाखवावा. सुक्या मासोळीची ओळ संपते तिथे तो पोतं अंथरून बसायचा. पोत्यावर एका अंगाला मुळ्या, साली, बिया. दुसऱ्या अंगाला जुनी लाकडी पेटी, आणि पेटीत साखरेच्या गोळ्यांच्या बाटल्या. मुळ्या बापाकडून आल्या. बाप चिचगडकडचा, सारा जन्म जंगलात गेलेला. गोळ्या आल्या त्या एका होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडून. त्यांच्या दवाखान्यात रेवारामनं बावीस वर्षं पुड्या बांधल्या, आणि डॉक्टर म्हातारपणी मुलाकडे रायपूरला निघाले तेव्हा पेटी याच्या हाती देऊन गेले. आता पुड्या बांधणारा माणूस डॉक्टर होतो का? नाही होत. पण हे त्याला सांगणार कोण? बैलानं चारा सोडला, बकरीचं पोट फुगलं, लेकराला हगवण लागली, की लोक त्याच्याकडे यायचे. पुष्कळदा गुण यायचा. कधी नाही यायचा, पण ज्याला नाही आला तो पुन्हा बाजारात येऊन ओरडत नाही. मग काय, म्हातारा चढून बसला.

घरात माणसं मोजून चार. बायको चमेली जाऊन पाच वर्षं झालेली. मुलगा दुर्गेश बिरसीच्या विमानतळावर कंत्राटी कामाला, सकाळी मोटरसायकलला किक मारायचा तो अंधार पडल्यावरच दिसायचा. सून मंजू शिवणकाम करायची. आणि नात खुशबू, सहावीतली, हाडानं बारीक आणि स्वभावानं अशी की सांगितलेलं एक काम ती तीनदा तपासून करणार. आज्याची ती शेपूट होती. तो मुळ्या वाळवायला घालायचा तेव्हा ती शेजारी बसून नावं पाठ करायची. शाळेत कोणाचं डोकं दुखलं तरी ही सांगायची, माझ्या आबाजींकडे चला. जगात आबाजींना ठाऊक नाही असं काही असतं, हे तिच्या गावीच नव्हतं. रेवारामला बाजारातल्या शंभर माणसांनी हात जोडले तरी जे सुख नव्हतं ते या एका पोरीच्या तोंडाकडे बघून मिळायचं.

दिवाळीच्या आधी दुर्गेशनं गोंदियाहून तिच्यासाठी ससा आणला. ससा कसला, सशीण. पांढरीफेक, हातात घेतली तर वजन लागू नये अशी. खुशबूनं तिचं नाव ठेवलं लाही. मंजूनं पहिल्या दिवशी कटकट केली, लेंड्या कोण काढणार म्हणून. आठव्या दिवशी तीच मेथीच्या काड्या राखून ठेवू लागली. रोज शाळेतून आल्यावर खुशबू बांधावरून कोवळं गवत खुडून आणायची आणि लाही ते कुरकुर करत खात बसायची, दिवसभर, थांबण्याचं नाव नाही. रेवाराम हसायचा. म्हणायचा, हिचं तोंड तं गिरणी हाय, बंदच नाही होत. आता आठवलं की त्याला स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावंसं वाटतं.

धान घरात येऊन पडलं होतं, थंडी नुकती लागली होती. एका शनिवारी मंजूची बहीण लेकरं घेऊन आली. लेकरंच ती. त्यांनी दिवसभर लाहीला बिस्किटं चारली, बुंदी चारली, वर शिळ्या पोळीचा तुकडाही. पाहुणे गेले आणि संध्याकाळी लाही कोपऱ्यात अंग चोरून बसली. पाठीला कुबड आलेलं, डोळे अर्धे मिटलेले, मधूनच दात कटकट वाजवायची. गवत समोर ठेवलं तर तोंड फिरवलं. खुशबूनं जागा झाडली आणि सांगितलं की दुपारपासून लेंडी नाही.

मंजू म्हणाली, स्कूटीवर बसून आत्ता जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. त्यांचं घर दवाखान्याच्या मागेच आहे, शनिवार असला म्हणून काय झालं. तिनं लाहीला ठेवायला टोपलीही काढली. साधी गोष्ट होती. दहा मिनिटांचा रस्ता होता. पण रेवारामच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं टोपली तिच्या हातातून घेतली आणि खाली ठेवली.

"साऱ्या बाजाराचं जनावर माह्याकडे येते," तो म्हणाला, "अन् माह्या घरचा ससा सरकारी दवाखान्यात जाईन? लोक काय म्हणतीन?"

मंजूनं टोपली पुन्हा उचलली नाही. सासऱ्यापुढे ती फार बोलायची नाही. खुशबूनं तर सुटकेचा श्वास टाकला. आबाजी बघणार म्हणजे झालंच की.

रेवारामनं विचार केला तो असा. पोट फुगलंय. बकरीचं पोट फुगलं की तो ओवा, हिंग आणि सुंठ यांचा काढा पाजायचा आणि एक दिवस लंघन करवायचा. चारा बंद, तोंड बंद, पोटाला विसावा. बकरी दुसऱ्या दिवशी रवंथ करत उभी. लाही म्हणजे काय, लहान बकरीच ना? चार पाय, गवत खाते, लेंड्या टाकते. वर पेटीतली पोटदुखीवरची नक्सची गोळी तर होतीच. पण एक अडचण होती. डॉक्टर बजावून सांगायचे की गोळीला हिंगाचा, कांद्याचा वासही चालत नाही, आणि गोळीच्या आधी अर्धा तास, नंतर अर्धा तास तोंडात काही घालायचं नाही. मुळीवाल्या बापाचा मुलगा आणि गोळीवाल्या डॉक्टरचा नोकर, दोघं एकाच अंगात राहत होते, त्यांचं भांडण त्यानं असं मिटवलं की दिवसा गोळ्या आणि संध्याकाळी काढा. बघा हुशारी.

रविवारी सकाळी सातपासून त्यानं दर तासाला गोळी सुरू केली. गोळी पाण्यात विरघळवून ड्रॉपरनं दोन थेंब. काम खुशबूकडे दिलं. रविवार, शाळा नाही. पोरीनं वहीवर रेघा मारल्या, भिंतीवरचं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि पथ्य समजावून घेतलं. अर्धा तास आधी काही नाही, अर्धा तास नंतर काही नाही. तिनं थोडा वेळ बोटावर मोजलं आणि विचारलं की आबाजी, दर तासाला गोळी असंन, तर मग गवत ठेवाचं कधी?

रेवारामनंही बोटावर मोजलं. खरंच, असा वेळ उरतच नव्हता. एका गोळीचा अर्धा तास संपला की दुसरीचा सुरू. दवाखान्यात माणसांना दिवसातून तीनदा गोळी असायची, तिथे हा प्रश्न कधी आला नव्हता. इतक्या लहान पोरीनं बरोबर जागी बोट ठेवलं होतं, आणि त्यानं ते बोट बाजूला केलं. नाही ठेवायचं, तो म्हणाला. लंघन बी होऊन जाईन, बरंच हाय. खुशबूनं मान हलवली आणि लाहीच्या समोरचं सगळं गवत उचललं, खाली सांडलेली काडीसुद्धा वेचून घेतली.

दिवसभर ती तिथेच बसून राहिली. दुपारी एकदा लाहीनं मान उचलली आणि रिकाम्या जागेत नाक घासू लागली. जिथे गवत असायचं तिथे. खुशबू पळत आली सांगायला. आबाजी, तिले भूक लागली वाटते, देऊ का थोडंसं? रेवाराम अंगणात साली कुटत होता. त्यानं वर न बघता सांगितलं की भूक लागली म्हणजे गुण येऊन राहिला, आता पथ्य मोडजो नको. पोर परत गेली. मंजूनं खिडकीतून हे ऐकलं आणि मशीन थांबवलं. मग तिनं पुन्हा पायडल मारायला सुरुवात केली. तिचंही चुकलंच, पण म्हाताऱ्याच्या तोंडी कोण लागणार, असं तिला वाटलं असेल.

संध्याकाळी काढा. बकरीला पाजायचा त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढा. मापात आपण कसूर करत नाही, याचा त्याला अभिमान होता. खुशबूनं लाहीला फडक्यात धरलं, त्यानं पिचकारीनं पाजला. अर्धा गळ्यात गेला, अर्धा छातीच्या केसांवर सांडला. लाही धडपडली, मग धडपडायची थांबली. घरभर हिंगाचा वास भरला. रेवारामनं तिच्या पोटाला हात लावून पाहिला. पोट गच्च होतं, आतून काही गुरगुरत नव्हतं. त्यानं हात काढून घेतला. सकाळपर्यंत सुटंन, एवढंच म्हणाला.

सोमवारी सकाळी लाही आडवी पडली होती. कान गार. मंजूनं या वेळी कोणाला विचारलं नाही. तिनं टोपली घेतली, स्कूटी काढली, आणि रेवाराम काही बोलायच्या आत म्हणाली की बसायचं असंन तर मागे बसा. मध्ये खुशबू, मांडीवर टोपली.

जनावरांच्या दवाखान्यात त्या वेळी गर्दी होती. एक गाय बाहेर बांधलेली, आत दोन बकऱ्या आणि चार-पाच माणसं. त्यातले दोघे रेवारामच्या रोजच्या गिऱ्हाइकांतले. त्यातल्या मनिरामनं तर हसून विचारलंच, काय काका, तुम्ही इकडे? रेवारामची मान खाली गेली.

डॉक्टर प्रेरणा वयानं लहान होत्या, नोकरीला लागून दोन वर्षंही झाली नसतील. त्यांनी लाहीला टेबलावर घेतलं, पोट चाचपलं, नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग म्हणाल्या की मी गाई-म्हशींची डॉक्टर, सशांचं मला फार नाही, पण नागपूरला माझे एक सर आहेत, त्यांना फोन करते. फोन लावण्याआधी त्यांनी तिघांकडे पाहिलं.

"शेवटचं कधी खाल्लं हिनं? आणि काय काय दिलंय? झाडपाला, गोळ्या, काढा, काहीही असू द्या, सांगा. मी रागावणार नाही. पण मला कळलं पाहिजे, मी देणार ते त्यावरच ठरेल."

एवढं सोपं करून कोण विचारतं हो? बाईंनी दारच उघडून दिलं होतं. पण मनिराम कान देऊन उभा होता. दुसरा माणूसही. रेवारामच्या डोळ्यांपुढे बाजार आला, त्याचं पोतं आलं, आणि त्या पोत्यासमोर कोणी नाही असं दिसलं. तोंडातून निघून गेलं.

"काही नाही देल्लो. काल संध्याकाळपर्यंत खात होती. आज सकाळीच अशी झाली."

मंजूनं चमकून पाहिलं. तिला गवत बंद ठेवल्याचं, काढ्याचं माहीत होतं, पण किती पाजला ते नव्हतं, आणि चार माणसांत सासऱ्याला खोटं पाडायची हिंमत तिच्यात नव्हती. खुशबूनं मात्र मान वर करून आज्याकडे बघितलं. रागानं नाही. तिला वाटलं, आबाजी विसरले. तिनं तोंड उघडलं. रेवारामनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि थोडासा दाबला. एवढंच केलं त्यानं. पोरीनं तोंड मिटलं.

डॉक्टरांनी फोन केला, सुई दिली, उबेत ठेवा म्हणाल्या, पातळ करून थोडं थोडं भरवा म्हणाल्या, दुपारी पुन्हा आणा म्हणाल्या. दुपार झालीच नाही. घरी येऊन तासाभरात खुशबूच्या मांडीवर लाहीनं दोनदा पाय ताणले आणि ती गेली.

परसात सीताफळाच्या झाडाखाली रेवारामनंच खड्डा खणला. खुशबू रडली नाही. मंजू रडली, संध्याकाळी आलेला दुर्गेशही डोळे पुसत आत गेला, पण ही पोर कोरडीच. दिवेलागणीला ती आज्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली,

"आबाजी, मले सांगाले पाहिजे होतं ना डॉक्टरले? मी सांगतलं असतं तर ती वाचली असती."

लाही गेली त्याचं दुःख रेवारामला होतंच, पण हे काय भलतंच? खोटं बोललो मी, तोंड दाबलं मी, आणि पाप ही पोर आपल्या डोक्यावर घेऊन बसली. त्याला म्हणायचं होतं की बाई, तुझा काही दोष नाही. पण मग दोष कोणाचा ते सांगावं लागलं असतं. तो म्हणाला की नशीब होतं, जाऊ दे. पोर उठून गेली.

मंगळवारी तिनं शाळेत डबा उघडला नाही. बुधवारीही भरलेला परत आला. मंजूनं विचारलं तर म्हणाली भूक नाही. पडसं झालं होतं, नाक वाहत होतं. रेवारामनं तुळशीचा काढा करून समोर धरला, लहानपणापासून ती हाच काढा मागून प्यायची. तिनं भांड्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि म्हणाली नाही पाहिजे. मोठ्यानं नाही, हट्टानं नाही. अनोळखी माणसानं प्रसाद दिला तर लेकरं म्हणतात तसं.

गुरुवारी रेवाराम पायी चालत दवाखान्यात गेला. आजही माणसं होती. पाहिजे होतं तर रिकाम्या वेळेची वाट बघता आली असती, पण आता पुरे झालं होतं. त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. गोळ्या किती, काढा किती, हिंग किती, रविवारी सकाळपासून गवत कसं बंद ठेवलं, आणि मी खोटं बोललो. कोणी हसलं नाही, हेच त्यातल्या त्यात बरं.

डॉक्टर प्रेरणांनी त्याला बसायला लावलं. म्हणाल्या की काका, ओवा वाईट नाही, गोळीनंही काही बिघडलं नसतं कदाचित. पण बकरीच्या मापाचा चौथा हिस्सा सशाला कसा चालेल? बकरीच्या दहाव्या हिश्श्याएवढं ते जनावर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे उपास. सशाचं पोट चालत राहतं ते गवत आत जात राहतं म्हणून. गवत थांबलं की पोट थांबतं, पोट थांबलं की ससा थांबतो. त्याला लंघन नसतंच.

रेवारामला बाप आठवला. चिचगडला लहानपणी बाप जंगलातून ससे आणायचा आणि ते साफ करायचं काम याच्याकडे असायचं. कितीतरी ससे त्यानं आपल्या हातांनी फाडले होते. पहाटे सापडलेला असो की दुपारी, एकाचंही पोट त्याला कधी रिकामं सापडलं नव्हतं. हाताला माहीत होतं की हे जनावर उपाशी राहतच नाही. चाळीस वर्षं औषध देणाऱ्या माणसाच्या डोक्यात मात्र बकरी शिरून बसली होती.

त्यानं एकच विचारलं. सोमवारी मी खरं सांगितलं असतं तर?

"सोमवारी उशीर झाला होता," डॉक्टर म्हणाल्या. "खरं सांगितलं असतं तरी मी याहून वेगळं फार काही करू शकले नसते. शनिवारी रात्री आणली असती तर बोलायची गोष्ट."

परत येताना रेवारामच्या पायांत बळ आलं. शनिवारचा दोष त्याचा एकट्याचा होता, तो त्यानं घेतला होता, जन्मभर घेईल. पण सोमवार! सोमवारचा दोष कोणाचाच नव्हता. पोर बोलली असती तरी लाही गेलीच असती. हे एवढं तिला सांगितलं की तिच्या डोक्यावरचं ओझं उतरणार होतं. पोर जेवणार होती. रस्त्यात ओळखीचे दोघं भेटले, त्यानं हात वर केला पण थांबला नाही.

खुशबू शाळेतून येऊन ओट्यावर बसली होती, दप्तर अजून पाठीलाच. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. गवत तुझ्या हातानं उचललं गेलं, पण सांगितलं मी होतं. तू विचारलं होतंस, मी ऐकलं नाही. डॉक्टरबाईंशी खोटं मी बोललो, तुझा खांदा मी दाबला. आणि त्या म्हणाल्या की सोमवारी कोणी काही सांगितलं असतं तरी लाही वाचली नसती. तुझं काही चुकलं नाही, बाई. काहीच नाही.

मधे एकदा तिचे ओठ हलले, डोळ्यांत पाणी आलं, आणि रेवारामला वाटलं, आता रडेल, मोकळी होईल. पण ते पाणी तिथेच थांबलं.

"डॉक्टर खरंच असं म्हणाल्या?" तिनं विचारलं.

"हो. बडादेवाची आण."

"मले बरं वाटावं म्हणून नाही ना सांगून राहिले?"

"नाही वं. चाल, आत्ताच जाऊ. तिच्याच तोंडून ऐक."

खुशबूनं त्याच्याकडे पुष्कळ वेळ बघितलं. चार दिवसांपूर्वी ती याच तोंडाकडे बघून गवताची शेवटची काडी वेचून घेत होती.

"तुम्ही तिले शिकवून आले असान, आबाजी," ती म्हणाली.

मग तिनं दप्तर काढून खुंटीला लावलं, डबा बाहेर काढला, आणि तसाच भरलेला तो आईजवळ नेऊन ठेवला.